टाकळवाडीचे नमुने

माझ्या नावाचं एक जनुक होतं. म्हणजे घाटेअळीच्या अंगात ते अजूनही आहे, अळीला त्याचं काही सोयरसुतक नाही, पण त्याच्यावरचं माझं नाव गेलं. कसं गेलं ते सांगते. पस्तीस वर्षं मी कीटक केंद्रात प्रयोगशाळा सहायक होते. मोजमाप आधी आणि हुंदके नंतर, अशी मला सवय आहे, तेव्हा कुणी डोळे पुसायची तयारी ठेवू नये.

त्या जनुकाचं खरं नाव अक्षरं आणि आकड्यांचं, हे एवढं लांब. ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही. आमचे साहेब डॉ. नागापूरकर यांनी कौतुकानं त्याला ‘द्वारका’ म्हणायला सुरुवात केली, कारण ज्या अळ्यांमधून ते निवडलं त्या सगळ्या मीच, द्वारका गिराम, शेतातून वेचून आणल्या होत्या. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांना लागली की बोटं चरचरतात. शिवाय दोन अळ्या एका डबीत ठेवल्या की एक दुसरीला खाते, म्हणून प्रत्येकीला वेगळी कुपी. हे काम भल्याभल्यांना जमत नाही. मला जमायचं, आणि त्याचा मला गर्व होता.

आता जनुकाचं प्रकरण समजून घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. घाटेअळीवर जुनी औषधं चालेनाशी झाली तेव्हा आरएनएचा फवारा आला. तो विष नाही. अळीच्या आतड्यात पचनाचं एक जनुक असतं, ते पेशीला निरोप धाडत असतं की रस तयार करा. फवाऱ्यातला आरएनए हे निरोप वाटेतच कापून टाकतो. रस होत नाही, अळी खाणं सोडते आणि हळूहळू वाळून जाते. मधमाशीला धक्का नाही, माणसाला नाही.

पण फवारा लागू पडला की नाही, हे कळायचं कसं? अळीतले पचनाचे निरोप किती उरले ते मोजायचं. यात गोम अशी की एक अळी जाडजूड, एक मरतुकडी. एकीतून माल जास्त निघतो, एकीतून कमी. नुसता आकडा घेऊन काय चाटायचाय? म्हणून सोबत दुसरं एक जनुक मोजतात, जे ऊन असो की थंडी, भूक असो की भरलं पोट, कायम एकाच गतीनं चालतं. ते संदर्भ जनुक. पहिला आकडा दुसऱ्यानं भागला की खरं उत्तर मिळतं. तराजूत एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजनाचं माप, तसंच हे. मापच खोटं निघालं तर मालाचा आकडा खोटा येणार, आणि तराजूकडे कितीही बघितलं तरी ते कळणार नाही.

एकवीस वर्षांपूर्वी साहेबांनी दहा जनुकं घेतली आणि त्यांतलं सगळ्यांत स्थिर कोणतं ते शोधायला बसले. वेगवेगळ्या वयाच्या अळ्या, वेगवेगळं खाद्य, आणि दिवसाच्या चार वेळा: सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ. कारण अळीच्या अंगातही एक घड्याळ असतं आणि काही जनुकं त्या घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. तसलं जनुक संदर्भाला चालत नाही. नमुने टाकळवाडीच्या शेतातून आणायचे ठरले. सहा खेपा, दर खेपेला अठ्ठेचाळीस अळ्या. निकाल लागला तेव्हा द्वारका जनुक पहिलं आलं. चारी वेळांना त्याचा आकडा इतका सारखा की साहेब म्हणाले, “द्वारकाबाई, हे तर तुमच्यासारखंच आहे, जागचं हलत नाही.” मी हसले होते.

पुढे त्याच जनुकावर ‘नाडी’ नावाचं यंत्र निघालं. तळहाताएवढं. फवाऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी शेतातली अळी त्यात टाकायची, वीस मिनिटांत दिवा लागतो. हिरवा म्हणजे फवारा लागू. लाल म्हणजे अळीनं फवारा पचवलाय, प्रतिकार आलाय. एका मंडळात सलग तीन दिवस लाल आलं तर सात दिवसांत त्या मंडळातला उभा हरभरा नांगरायचा, म्हणजे ती जात पुढे पसरत नाही. कायदाच तसा झाला. आणि ही यंत्रं चालवायला गावोगाव मापक नेमले. माझी सून प्रणिता त्यांतलीच एक.

प्रणिता बोलायला कमी आणि कामाला वाघीण. लग्न ठरलं तेव्हा तिनं माझ्या विशूला म्हणे एकच प्रश्न विचारला होता, “त्या द्वारका गिराम म्हणजे तुमच्या आई?” प्रशिक्षणात त्यांना माझं नाव शिकवलेलं. घरात पाहुणे आले की ती यंत्राच्या पाठीवरचं बारीक अक्षरांतलं नाव दाखवायची. मी वरवर म्हणायची, पुरे गं बाई. आतून सुखावायची, खोटं कशाला बोलू.

पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. प्रत्येक मंडळाला एक मापक होती आणि सगळ्याजणी सकाळीच काम उरकायच्या. यंदा माणसं कमी केली आणि प्रणिताकडे दोन मंडळं दिली. सकाळी एक, दुपारी चारच्या सुमाराला दुसरं. दुसरं म्हणजे टाकळवाडीचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकळवाडीत तीन दिवस लाल दिवा लागला. नियमाप्रमाणे ट्रॅक्टर आले. घाट्यांनी लगडलेला हरभरा, तीनशे एकर, उभाच्या उभा मातीत गेला. बांधावर बायका उभ्या राहून बघत होत्या, त्यांतल्या एकीनं प्रणिताच्या गाडीवर माती फेकली.

चार दिवसांनी कडेला राहिलेल्या झाडांवरच्या अळ्या दुसऱ्या मापकानं सकाळी तपासल्या. हिरवा. दुसऱ्या दिवशीही हिरवाच. झालं! प्रणितावर चौकशी बसली. तिनं अळ्या गाडीच्या डिकीत तापवल्या, मग यंत्रात घातल्या, म्हणून आकडे बिघडले, असा आरोप. सिद्ध झाला तर परवाना जाणार, आणि तीनशे एकरांचा हरभरा हिच्या हलगर्जीनं गेला, असं कायमचं नावावर लागणार.

मी हे सगळं ऐकलं आणि गप्प बसले. मला त्याच दिवशी शंका आली होती. शंका कसली, खात्रीच होती.

चौकशीला आठ दिवस उरले तेव्हा प्रणिता माझ्याकडे आली. “आई, मला एक करून बघायचंय. टाकळवाडीत कडेला उरलेल्या झाडांवरच्या अळ्या दिवसातून चार वेळा वेचायच्या आणि संदर्भ जनुक तेवढं मोजायचं. तुमच्यासारख्या अळ्या कुणाला वेचता येत नाहीत. याल का?”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. आम्ही गेलो. आठला वेचल्या, बाराला वेचल्या, चारला आणि आठला. मधल्या वेळात शाळेच्या ओट्यावर बसून डबा खाल्ला. ती प्रत्येक कुपीवर वेळ लिहीत होती, मिनिटासकट. मला म्हणाली, “तुम्ही तर असं सहा वेळा केलंत. तेव्हा मुक्कामाला कुठं राहायचात?”

“असंच कुठंतरी,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून आकडे आले. सकाळी आठचा आकडा शंभर धरला तर बाराला एकसष्ट, चारला तेहतीस आणि रात्री पुन्हा अठ्ठावन्न. माझ्या नावाचं ते न हलणारं जनुक दुपारी चारला एक तृतीयांशावर उतरत होतं. भागाकार तुम्हीच करा. खालचा आकडा तिपटीनं घटला की उत्तर तिप्पट होतं. चांगला फवारा बसलेली अळी दुपारी लाल दिसते आणि सकाळी हिरवी. यंत्रात खोट नव्हती, प्रणितात नव्हती. खोट मापात होती.

मला वाटलं, पोरगी सुटली. पण ती कागद समोर धरून बसून राहिली.

“याचा उपयोग नाही, आई. तुमचा आणि सरांचा निबंध आहे ना. दोनशे अठ्ठ्याऐंशी अळ्या, चार वेळा, सगळीकडे स्थिर. त्याच्यापुढे माझ्या एका दिवसाच्या अळ्या कोण मानणार? ते म्हणतील, हिनं याही तापवल्या.” मग कपाळ चोळत म्हणाली, “एकवीस वर्षांत अळीच बदलली असेल का हो? तुमचे नमुने तर चुकणार नाहीत.”

आम्ही स्वयंपाकघरात होतो. समोर परातीत सोलाणे होते, मी घाटे सोलत होते. हातातला घाटा परातीत टाकला.

“माझे नमुने सगळे सकाळचे होते,” मी म्हणाले.

तिला कळलं नाही. मग मी सविस्तर सांगितलं. टाकळवाडीला तेव्हा दिवसाला एकच गाडी. सहाला शहरातून निघायची, साडेसातला पोचायची आणि नऊला परत फिरायची. रात्री आठचा नमुना घ्यायचा तर मुक्काम करायला हवा. मुक्कामाची सोय केंद्रानं केलेली नव्हती, शाळेच्या ओट्यावर झोप म्हणाले. विशू सहा वर्षांचा, नवरा गेलेला, लेकराला शेजारणीकडे सोडून मी निघायची. मग मी काय केलं, तर पावणेनऊपर्यंत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अळ्या वेचल्या, तिथंच लिक्विड नायट्रोजनच्या डब्यात गोठवल्या आणि कुप्यांवर लिहिलं: बारांवर सकाळी आठ, बारांवर दुपारी बारा, बारांवर चार, बारांवर रात्री आठ. डबा काखेत मारला आणि नऊच्या गाडीनं परत. सहाच्या सहा खेपा अशाच. एकाच वेळच्या अळ्या चार वेळांच्या म्हणून मोजल्या, मग आकडे सारखे येणार नाहीत तर काय होणार?

प्रणिता हळूच म्हणाली, “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं? म्हणजे माझं दुपारचं लाल यामुळे आलं, हे?”

“पहिल्या लाल दिव्यापासून शंका होती.”

“हरभरा नांगरला त्याच्या आधीपासून.”

“हो.”

ती उठली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं परात उचलली, सोलाणे धुतले, फोडणीला टाकले. त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण माझ्यासमोर बसली नाही.

विशूला सांगितलं तर तो उलटाच निघाला. “आई, तू समितीपुढे जाऊ नको. प्रणिताला दुसरं काम मिळेल. तुझं नाव गेलं तर या वयात काय उरतं?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्यासाठीच परत यायचीस ना तू?”

“तुझ्यासाठी परत यायची ते ठीक होतं,” मी म्हणाले. “खोटी वेळ लिहिली ती तुझ्यासाठी नाही. ती नोकरीसाठी आणि कौतुकासाठी.” त्याला हे आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं, पण खरं तेच होतं.

साहेबांना आधी सांगायला हवं म्हणून त्यांच्या घरी गेले. डॉ. नागापूरकर आता पंच्याहत्तरीचे. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, कानाला यंत्र. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, त्यांना झटका बसेल.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “द्वारकाबाई, टाकळवाडीत मुक्कामाला असायला हवी ती बाई त्याच दिवशी अकराला माझ्यासमोर बसून चहा पीत होती. मला दिसत नव्हतं असं वाटलं तुम्हाला?”

 एकवीस वर्षं मी या माणसाला फसवल्याची बोच बाळगून होते.

“मग विचारलं का नाही, साहेब?”

“विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. सांगितलं असतं तर निबंध गेला असता. त्या वर्षी केंद्र बंद करायचं घाटत होतं.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “आणि खरं सांगू? हलून हलून किती हलेल, असं वाटलं मला. दहा टक्के, पंधरा टक्के. जाऊ द्या आता. पोरगी तरुण आहे, सावरेल.”

मला इतका राग आला, इतका राग आला की पाया पडायला सवयीनं वाकलेली मी तशीच सरळ झाले. “पोरगी माझ्या घरातली आहे, साहेब,” म्हणाले आणि निघाले.

चौकशी गुरुवारी होती, कृषी कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तिघांची समिती, मध्ये डॉ. बिराजदार मॅडम. प्रणितानं आपले आकडे मांडले. अगदी तिनं म्हटलं होतं तसंच झालं. एक सदस्य म्हणाले, “तुमचा एक दिवस विरुद्ध संपूर्ण हंगामाचं काम?” आणि मागे बसलेल्या टाकळवाडीच्या लोकांतून कुणीतरी खो खो हसलं.

मी हात वर केला. उभी राहिले आणि सांगितलं. जे प्रणिताला सांगितलं तेच, त्याच क्रमानं. वेळा, गाडी, कुप्या.

बिराजदार मॅडम म्हणाल्या, “गिरामबाई, तुम्ही यांच्या सासूबाई. सुनेला वाचवण्यासाठी कुणीही असं म्हणू शकेल. पुरावा काय?”

“केंद्राचा हजेरीपट मागवा,” मी म्हणाले. “या सहा तारखा. नियमानं मी त्या दिवशी आणि त्या रात्री टाकळवाडीत हवी होते. सहाही दिवशी अकरा वाजता मी केंद्रात सही केलेली आहे. सही चुकवायची नाही, अशी मला शिस्त होती.”

केंद्राचा जुना हजेरीपट याच कार्यालयाच्या खालच्या दप्तरात होता. अर्ध्या तासात आला. मॅडमनी सहा पानं उलटली, सहा सह्या बघितल्या. प्रत्येकीपुढे अकरा, अकरा दहा, अकरा पाच. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

“नागापूरकरांना हे माहीत होतं?”

“मी त्यांच्यासमोर बसून चहा घेत होते. त्यांना काय दिसलं ते त्यांनाच विचारा. माझं मी सांगितलं.”

तेवढ्यात मागून एक बाई उठली. कोण ते नंतर कळलं. गाडीवर माती फेकणारी तीच. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आमच्या गावच्या शाळेच्या ओट्यावर झोपायचं भ्या वाटलं व्हय तुला? आमच्यातल्या कुणाचं बी दार वाजवायचं व्हतं की. जेवू घातलं असतं.”  दार वाजवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, हे तिला काय सांगू? तीनशे एकरांतला तिचा तुकडा किती, तेही विचारवलं नाही.

निकाल दोन आठवड्यांत आला. प्रणिता निर्दोष. ‘नाडी’ची सगळी यंत्रं परत मागवली, द्वारका जनुक बाद. निबंध मागे घेतला, त्यावर साहेबांचं नाव आणि खाली आभारात माझं, दोन्हींवर रेघ. माझ्यावर वेगळी चौकशी लागली, ती अजून चालू आहे. नवीन संदर्भ शोधायचं ठरलं, या वेळी एका जनुकावर भिस्त ठेवायची नाही, तीन जनुकं एकदम धरायची, म्हणजे एक डळमळलं तरी बाकीची सांभाळतात. नमुने सगळ्या वेळांचे, सगळ्या हवांचे. आणि हे काम कुणाकडे, तर प्रणिताकडे. स्वतः बिराजदार मॅडमनी फोन केला.

त्या दिवशी मी तिला साखर भरवली. तिनं तोंड उघडून खाल्ली आणि माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मला वाटलं, झालं, निवळलं सगळं.

जानेवारीच्या शेवटी तिची पहिली खेप होती. मुक्कामाची सोय केलेली, गाडी दारात. ती कुप्या मोजत होती. मी पायांत बूट चढवले, डोक्याला रुमाल बांधला आणि नायट्रोजनच्या डब्याला हात घातला.

“आई, तुम्ही नका येऊ,” ती म्हणाली.

“का गं? तुझी ती पोरं अळ्या चिरडून टाकतील. घाटा न हलवता अळी काढायची कशी, ते त्यांना ठाऊक तरी आहे का?”

“माहीत आहे मला. तुमच्यासारखं कुणी वेचत नाही.” ती अगदी सरळ बोलली, आवाजात राग नव्हता. “पण प्रत्येक कुपीवर वेचणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. तुमचं नाव असलेले नमुने कुणी धरणार नाही.”

“हात्तिच्या! एवढंच ना?” मी म्हणाले. “मग माझं नको लिहूस. वेचते मी, तू तुझं नाव लिही.”

प्रणिता हातातली कुपी धरून तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली. काय बोलून बसले ते मला तेव्हा उमगलं.

तिनं कुपी खाली ठेवली. डबा माझ्या हातातून घेतला, गाडीत ठेवला आणि गेली. मी दारातल्या पायरीवर बसून बूट काढले.